पेन्यारोल १८९१ की १९१३? तारखेच्या आडून चाललेलं भांडण

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही मराठीत पॉडकास्ट करताय आणि पुढचा भाग उरुग्वेची राजधानी मॉन्टेव्हिडिओच्या पेन्यारोल या फुटबॉल क्लबवर आहे. क्लबची स्थापना एका ठिकाणी २८ सप्टेंबर १८९१ अशी सापडते, दुसऱ्या ठिकाणी १३ डिसेंबर १९१३. तुम्ही १८९१ धरून भागाची जाहिरात केलीत, तर त्याच शहरातल्या कट्टर प्रतिस्पर्धी नासिओनाल क्लबच्या कुणा पाठीराख्याने तुम्हाला थेट खोटारडं ठरवलं. म्हणून तुम्ही विचारताय की खरी तारीख कोणती, हे वैर 'साहेबांचा क्लब विरुद्ध भूमिपुत्रांचा क्लब' असं सांगितलं तर चालेल का, आणि अर्ध्या तासात कोणते सामने बसवावेत.

मी वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर बरीच वर्षं काढली. दक्षिण अमेरिकेतले निकाल आपल्याकडे पहाटे येतात, त्यामुळे ते नेहमी रात्रपाळीवाल्याच्या, म्हणजे माझ्याच, वाट्याला यायचे. आता फुटबॉलच्या इतिहासावर लिहितो आणि प्रश्नमंजुषा तयार करतो. प्रश्नमंजुषेत 'स्थापना कधी' हा प्रश्न सगळ्यात सोपा समजला जातो, आणि वादही त्याच्यावरूनच सगळ्यात जास्त होतात. पेन्यारोलबद्दल तर हा प्रश्न एका ओळीत मी कधीच विचारत नाही.

कारण हे भांडण वयाचं नाहीच. ते पाच जेतेपदांचं आहे. तेवढं लक्षात आलं की दोन्ही बाजू इतक्या हट्टाला का पेटतात ते कळतं.

आधी ज्यावर वाद नाही ते सांगतो. १८९१ साली मॉन्टेव्हिडिओत ब्रिटिश मालकीच्या सेंट्रल उरुग्वे रेल्वे कंपनीच्या नोकरदारांनी 'सेंट्रल उरुग्वे रेल्वे क्रिकेट क्लब' काढला. सभासद ११८ होते: ७२ ब्रिटिश, ४५ उरुग्वेचे आणि एक जर्मन. नावात क्रिकेट आहे ते शोभेपुरतं नाही, साहेब लोक खरोखरच क्रिकेट खेळायचे. फुटबॉल हा क्लबच्या अनेक खेळांपैकी एक होता, तो हळूहळू बाकीच्यांना भारी पडला. रेल्वेचे कारखाने शहराच्या मध्यापासून दहाएक किलोमीटरवर पेन्यारोल नावाच्या वस्तीत होते. इटलीतल्या पिनेरोलो गावाहून आलेल्या एका शेतकऱ्यामुळे त्या वस्तीला हे नाव पडलं. पिवळा-काळा रंग रेल्वेचा आणि 'कार्बोनेरो', म्हणजे कोळसेवाले, हे टोपणनावही रेल्वेचंच. क्लबचं छापील नाव लांबलचक इंग्रजी असल्याने लोक पहिल्यापासून त्याला 'पेन्यारोल' म्हणत. नावाचा अधिकृत बदल खूप नंतर झाला.

१९०० साली उरुग्वेची लीग सुरू झाली ती चार क्लबांची, आणि त्यात रेल्वेवाले होते. पहिलं जेतेपद त्यांनीच घेतलं. त्यानंतर १९०१, १९०५, १९०७ आणि १९११. ही ती पाच जेतेपदं.

आता १९१३. फुटबॉलला गर्दी होऊ लागली तशी कंपनीच्या वरिष्ठांची कुरकुर वाढली. सामन्यासाठी माणसं कामावर गैरहजर राहत, दंगेधोपे होत, आणि नाव खराब होई ते कंपनीचं. उलट फुटबॉलवाल्यांना रेल्वेबाहेरच्या लोकांसाठी दार उघडायचं होतं. अखेर १३ डिसेंबर १९१३ ला फुटबॉल विभाग क्लबपासून वेगळा झाला आणि १२ मार्च १९१४ ला त्याने 'क्लब अ‍ॅटलेटिको पेन्यारोल' हे नाव घेतलं. १९१४ च्या लीगमध्ये रेल्वे क्लबच्या जागी पेन्यारोल उतरला. मूळ रेल्वे क्लब फुटबॉल सोडून बाकीचे खेळ करत कसाबसा १९१५ पर्यंत टिकला आणि मग विसर्जित झाला.

नासिओनालवाल्यांचं बोट नेमकं या शेवटच्या वाक्यावर असतं. साधारण वर्षभर दोन्ही संस्था एकाच वेळी अस्तित्वात होत्या, मग त्या एक कशा? बाप जिवंत असताना मुलगा 'मीच बाप' म्हणू शकत नाही. म्हणून पेन्यारोलचा जन्म १९१३ चा, नासिओनालचा १४ मे १८९९ चा, आणि ज्येष्ठ आम्ही, असा त्यांचा हिशोब.

मराठी श्रोत्यांना हे समजावून द्यायचं असेल तर मी एकच दाखला देईन, आणि तो योगायोगाने त्याच वर्षातला आहे. १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. मुख्य नट गेले, प्रेक्षकही बरेचसे त्यांच्या मागे गेले. तरी गंधर्व मंडळीची स्थापना १८८० ची असं कुणी म्हणत नाही, कारण किर्लोस्कर मंडळी त्यानंतरही नाटकं करत राहिली आणि मास्टर दीनानाथ तिथेच पुढे आले. नासिओनालचं म्हणणं असं की पेन्यारोल ही गंधर्व मंडळी आहे.

पेन्यारोलचं उत्तर याच दाखल्यातून निघतं. बालगंधर्व गेल्यावरही किर्लोस्करांच्या रंगमंचाचा पडदा उघडत होता. पेन्यारोल वेगळा झाल्यावर मात्र रेल्वे क्लबने लीगमध्ये पुन्हा पाऊल टाकलं नाही. संघ, रंग, पाठीराखे आणि लीगमधली जागा, सगळं एकाच बाजूला गेलं. खोसे पिएन्दिबेनेचं उदाहरण घ्या. त्याला सगळे 'माएस्त्रो', म्हणजे गुरुजी म्हणत. १९०८ साली तो रेल्वे क्लबकडून खेळू लागला आणि १९२८ पर्यंत पेन्यारोलकडून खेळत राहिला. मधल्या १९१३ साली त्याने क्लब बदलला, असं त्या काळात कुणी म्हटलं नाही. जॉन हार्लीचंही तसंच. हा स्कॉटिश माणूस रेल्वेच्या नोकरीत होता. ब्यूनोस आयर्सहून १९०९ साली तो इकडे आला, आणि लांब फटके मारून धावण्याऐवजी छोटे पास देत खेळण्याची सवय त्याने उरुग्वेला लावली असं मानतात. १९१३ च्या आधी आणि नंतर त्याच्या अंगावर पट्टे तेच होते.

माझा कल कुठे आहे ते सांगून टाकतो. असा वाद समोर आला की मी कागदावरची संस्था आणि मैदानावरचा संघ या दोन गोष्टी वेगळ्या धरतो. सनद, सभासद, मालमत्ता, विसर्जन हा झाला कागद. लीगमधली जागा, खेळाडू, रंग, पाठीराखे आणि प्रतिस्पर्धी हा झाला संघ. कागदाचा विचार केला तर नासिओनालच्या म्हणण्यात दम आहे, तो उडवून लावू नये. संघाचा विचार केला तर धागा १८९१ पासून सलग आहे, आणि लोक ज्याच्यासाठी रडतात तो संघच असतो. उरुग्वेची फुटबॉल संघटनाही जेतेपदांच्या यादीत ती पाच जेतेपदं पेन्यारोलच्या नावावर धरते. म्हणून मी १८९१ लिहितो आणि पुढच्याच वाक्यात १९१३ ला काय झालं ते सांगतो. तुमच्या भागाचा विषय क्लबांची कायदेशीर जडणघडण असता, तर कदाचित क्रम उलटा घेतला असता.

आता पाच जेतेपदांचं गणित. उरुग्वेच्या लीगमध्ये दोन्ही क्लबांची जेतेपदं पन्नाशीच्या आसपास आहेत, आणि अधिकृत यादीतलं त्यांच्यातलं अंतर पाचापेक्षा कमी आहे. म्हणजे रेल्वे क्लबची पाच वजा करा, की नासिओनाल पुढे. ती धरा, की पेन्यारोल पुढे. शंभर वर्षांपूर्वीच्या एका सभेचं इतिवृत्त आजच्या तक्त्यात पहिला नंबर ठरवतं. त्या माणसाने तुम्हाला खोटारडं म्हटलं ते या हिशोबापायी, तुमच्याशी त्याचं वैर नाही. त्याला शांतपणे 'तुमचा आक्षेप भागात सांगणार आहे' एवढं कळवा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

एक गंमत जाता जाता. ज्येष्ठत्वासाठी हे दोघे भांडत असताना तिसराच एक क्लब बाजूला उभा आहे, आल्बियन. त्याची स्थापना १ जून १८९१ ची, म्हणजे रेल्वे क्लबच्याही आधीची. १९०० च्या पहिल्या लीगमध्ये तो होता, आणि २०२२ साली तो पुन्हा पहिल्या श्रेणीत खेळला. ज्याचा पाठीराखा वर्ग लहान, त्याच्या ज्येष्ठत्वाचा त्रास कुणालाच होत नाही. हे भागात जरूर सांगा.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो: साहेब विरुद्ध भूमिपुत्र. पहिल्या दहाएक वर्षांपुरतं हे ठीक आहे, त्यापुढे ताणू नका. नासिओनाल जन्मला तोच इंग्रजी क्लबांना उत्तर म्हणून. दोन छोटे क्लब एकत्र आले, त्यात विद्यापीठातली स्थानिक मुलं होती, आणि लाल-पांढरा-निळा हे रंग त्यांनी स्वातंत्र्यनायक आर्तिगासच्या झेंड्यावरून घेतले. १९०० च्या पहिल्या लीगमध्ये त्यांना प्रवेश मिळाला नाही, तो १९०१ ला मिळाला. दरम्यान १५ जुलै १९०० ला दोघांची पहिली गाठ पडली आणि रेल्वेवाले २-० ने जिंकले. ब्रिटनबाहेरच्या सगळ्यात जुन्या, अजूनही चालू असलेल्या फुटबॉल वैरांमध्ये हे मोजलं जातं. नासिओनालची खरी राष्ट्रीय घडी १३ सप्टेंबर १९०३ ची. त्या दिवशी ब्यूनोस आयर्समध्ये उरुग्वेच्या नावाने अख्खा नासिओनालचा संघ उतरला आणि अर्जेंटिनाला ३-२ ने हरवून आला. उरुग्वेचा तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय.

पण पुढे चित्र जवळजवळ उलटं झालं. रेल्वेच्या कारखान्यात साहेब वरच्या खुर्चीत होता, हातोडा मारणारे मात्र इटालियन, स्पॅनिश आणि स्थानिक कामगार होते. पाठीराखा वर्ग त्यांचा झाला. 'साहेबांचा क्लब' बघता बघता वस्त्यांचा आणि स्थलांतरितांचा क्लब बनला. दुसरीकडे 'भूमिपुत्रांचा' नासिओनाल सुरुवातीला शिकल्यासवरल्या, बऱ्या घरच्या मुलांचा होता. गरीब थरातल्या खेळाडूंना क्लबात घ्यायचं की नाही यावरून १९११ च्या सुमारास तिथे आतच मोठं वाजलं, आणि दार उघडा म्हणणारे जिंकले. तेव्हापासून दोन्ही क्लबांत सगळ्या थरांतली माणसं आहेत. आज मॉन्टेव्हिडिओत एकाच घरात दोन्ही रंग सापडतात.

पेन्यारोलचा इसाबेलिनो ग्रादीन या संदर्भात सांगण्यासारखा आहे. १९१६ साली पहिली दक्षिण अमेरिकी अजिंक्यपद स्पर्धा झाली. उरुग्वेने चिलीला ४-० ने हरवलं, त्यात ग्रादीनचे दोन गोल होते. चिलीने तक्रार केली की उरुग्वेने दोन आफ्रिकी खेळवले. ते दोघे म्हणजे ग्रादीन आणि हुआन देल्गादो, दोघेही उरुग्वेचेच कृष्णवर्णीय नागरिक. तक्रार टिकली नाही आणि ग्रादीन स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा ठरला. 'साहेबांचा क्लब' या एका शब्दात हा माणूस मावत नाही.

१९२२ च्या फुटीवर दोन वाक्यं पुरेत, पण ती असावीत. अर्जेंटिनातल्या बंडखोर संघटनेच्या रेसिंग क्लबशी सामना खेळल्याबद्दल पेन्यारोलला उरुग्वेच्या संघटनेतून काढलं, मग पेन्यारोलने सोबत्यांसह वेगळी संघटना काढली, आणि १९२५ पर्यंत देशात दोन लीग चालल्या. म्हणूनच १९२४ चं पॅरिस ऑलिंपिक सुवर्ण उरुग्वेने पेन्यारोलच्या खेळाडूंविना जिंकलं. त्याच वर्षी पेन्यारोलने जिंकलेली बंडखोर लीग अधिकृत यादीत धरली जात नाही. जेतेपदांच्या मोजणीत पेन्यारोलचा सगळाच फायदा झालाय असं नाही, हे त्या समर्थकाला सांगायला उपयोगी पडेल.

या सगळ्याला इतकी धार का आली, याचं कारण देशाच्या आकारात आहे. उरुग्वेची लोकसंख्या आज ३५ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या पुणे शहराहूनही कमी. त्यातले निम्म्याच्या आसपास लोक मॉन्टेव्हिडिओ आणि परिसरात राहतात. १९३२ साली तिथे व्यावसायिक फुटबॉल सुरू झालं, तेव्हापासून १९७५ पर्यंत प्रत्येक जेतेपद या दोघांपैकीच एकाने घेतलं. एकदाही तिसरा नाही. १९७६ ला देफेन्सोर या क्लबने ती साखळी तोडली तेव्हा देशात खळबळ उडाली. चव्वेचाळीस वर्षं तुमच्या क्लबच्या यशाचा अर्थ शेजाऱ्याचं अपयश एवढाच असेल, तर पंचाची प्रत्येक शिट्टी पिढ्यानुपिढ्या लक्षात राहते.

दोघांचा शेजार किती जवळचा होता याचं एक उदाहरण. १९३० च्या पहिल्या विश्वचषकासाठी सेन्तेनारियो स्टेडियम वेळेत पूर्ण झालं नाही. १३ जुलैला स्पर्धेचे पहिले दोन सामने एकाच वेळी सुरू झाले, फ्रान्स-मेक्सिको पेन्यारोलच्या पोसितोस मैदानावर आणि अमेरिका-बेल्जियम नासिओनालच्या पार्के सेंत्रालवर. विश्वचषकाचा पहिला गोल फ्रान्सच्या ल्युसियां लोराँने पोसितोसवर केला. ते मैदान आता नाही, तिथे घरं आणि रस्ते आहेत. पार्के सेंत्राल अजून आहे आणि नासिओनाल आजही तिथेच खेळतो. म्हणजे पहिला गोल एकाच्या पदरात, टिकलेलं मैदान दुसऱ्याच्या. दोघे हे एकमेकांना अजून ऐकवतात.

आता सामने. तुम्ही पाच-सहा घ्यायचं म्हणताय. माझ्या मते दोन नीट सांगा, बाकीचे ओझरते.

पहिला 'बॅगेचा गोल'. १९३३ ची लीग लांबली आणि तिचा निर्णायक सामना २७ मे १९३४ ला सेन्तेनारियोवर झाला. पेन्यारोलच्या बाहिया या ब्राझिलियन खेळाडूचा फटका गोलखांबाच्या बाहेरून गेला. तिथे नासिओनालच्या मालिशतज्ज्ञाची औषधांची बॅग ठेवलेली होती. चेंडू तिच्यावर आपटून मैदानात परत आला आणि पेन्यारोलच्या खेळाडूने तो जाळ्यात घातला. पंचांनी गोल दिला! नासिओनालचे खेळाडू पंचांवर धावून गेले, काहींना बाहेर काढलं, आणि अंधार पडल्याने खेळ थांबला. पुढे गोल रद्द झाला. उरलेला वेळ काही महिन्यांनी, प्रेक्षकांविना, खेळवला गेला. नासिओनालने तो नऊ खेळाडूंनिशी गोल न खाता काढला. पुन्हा सामना, पुन्हा बरोबरी. अखेर नोव्हेंबर १९३४ ला नासिओनालने ३-२ ने बाजी मारली, आणि तिन्ही गोल एक्तोर कास्त्रोचे होते. लहानपणी करवतीच्या अपघातात त्याचा एक हात कोपराखाली गेलेला. १९३० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला शेवटचा गोलही त्याचाच. ही गोष्ट घाईत उरकू नका, पाच मिनिटं द्या. नासिओनालची बाजू मोठेपणाने मांडली गेली की तुमचा भाग एकतर्फी वाटणार नाही.

दुसरा ९ ऑक्टोबर १९४९ चा, पेन्यारोलवाले ज्याला 'पळपुटेपणाचा सामना' म्हणून आजही साजरा करतात. मध्यंतराला पेन्यारोल २-० ने पुढे होता, नासिओनालचे दोन खेळाडू बाहेर काढले गेले होते, आणि उत्तरार्धासाठी नासिओनाल मैदानात आलाच नाही. नासिओनालवाले पंचांच्या पक्षपाताकडे बोट दाखवतात. पेन्यारोलवाले म्हणतात, समोर गिज्जा, होबर्ग, मिगेस, स्किआफिनो आणि विदाल अशी आघाडी असल्यावर डझनभर गोल खाण्यापेक्षा न आलेलं बरं. या वादात मी पडणार नाही. मात्र त्यानंतर वर्षभराच्या आतच, १६ जुलै १९५० ला, विश्वचषकाच्या निर्णायक सामन्यात रिओच्या माराकाना स्टेडियमवर ब्राझीलला हरवणाऱ्या उरुग्वेच्या संघात याच पेन्यारोलचे गिज्जा, मिगेस, स्किआफिनो, गोलरक्षक मास्पोली आणि कर्णधार ओब्दुलिओ वारेला होते. आणि १९४९ ला बाहेर काढला गेलेला नासिओनालचा तेहेरा त्यांच्याच खांद्याला खांदा लावून बचावाला उभा होता. तुम्ही शोधताय ते कथानक इथे आयतं तयार आहे.

ओझरत्या यादीत १४ डिसेंबर १९४१ ठेवा, नासिओनाल ६-०. ज्या भागात हा आकडा नाही, तो नासिओनालवाले ऐकणार नाहीत. नासिओनालने १९३९ ते १९४३ अशी सलग पाच जेतेपदं घेतली, त्याच काळातला हा सामना. पेन्यारोलने तशी पाच सलग जेतेपदं दोनदा घेतली, १९५८ ते १९६२ आणि १९९३ ते १९९७. आणि २७ नोव्हेंबर २०१६ वगळू नका. त्या दिवशी सामना सुरूच होऊ शकला नाही. पेन्यारोलच्या बाजूच्या काही गुंडांनी स्टेडियममधला खाद्यपदार्थांचा स्टॉल लुटला आणि वरच्या सज्जातून गॅसचा सिलिंडर पोलिसांच्या दिशेने फेकला. पेन्यारोलचे गुण कापले गेले. वैराची गोडी सांगताना हा भाग लपवणारे कार्यक्रम मला आवडत नाहीत.

खंडीय स्पर्धांबद्दल थोडक्यात. कोपा लिबेर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा चषक, १९६० साली सुरू झाला आणि पहिली दोन्ही वर्षं पेन्यारोलने जिंकली. पुढे १९६६, १९८२ आणि १९८७. नासिओनालकडे तीन: १९७१, १९८० आणि १९८८. युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्या क्लबांमधला आंतरखंडीय चषक मात्र दोघांकडे तीन-तीन. पेन्यारोलचा आल्बेर्तो स्पेन्सर हा इक्वेडोरचा खेळाडू, ५४ गोलांसह लिबेर्तादोरेसच्या इतिहासात आजही सगळ्यांच्या पुढे आहे. १९६६ चा अंतिम सामना सांतियागोला झाला. अर्जेंटिनाचा रिव्हर प्लेट मध्यंतराला २-० ने पुढे होता, पेन्यारोलने जादा वेळेत ४-२ असा फिरवला. त्या पराभवापासून रिव्हरवाल्यांना 'कोंबड्या' हे नाव चिकटलं. म्हणजे अर्जेंटिनातल्या एका वेगळ्याच वैरातली शिवी पेन्यारोलने पुरवली.

त्या १९६६ च्या संघात पाब्लो फोर्लान होता. इथून तुमच्या श्रोत्यांपर्यंत खरा पूल जातो, ओढूनताणून आणावा लागत नाही. पाब्लोचा मुलगा दिएगो फोर्लान, २०१० च्या विश्वचषकातला सर्वोत्तम खेळाडू, २०१५ ला घरच्या क्लबात परतला, पेन्यारोलकडून २०१५-१६ चं जेतेपद घेतलं आणि २०१६ सालीच मुंबई सिटीकडून आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, खेळायला अंधेरीच्या मैदानावर उतरला. केरळ ब्लास्टर्सविरुद्ध त्याने तीन गोल ठोकले, मुंबई ५-० ने जिंकली आणि साखळीत पहिली आली. तेव्हा स्टेडियममध्ये असलेले कितीतरी जण तुमचा भाग ऐकतील. त्यांनी पाहिलेल्या माणसाच्या बापाने १९६६ चा चषक उचलला होता, हे त्यांना सांगा.

आता संहितेत तारखेचं वाक्य कसं असावं? मी असं लिहीन: 'पेन्यारोल आपला जन्म १८९१ चा मानतो, रेल्वे कामगारांच्या क्रिकेट क्लबापासून. नासिओनालच्या मते आजचा क्लब १९१३ साली त्या क्लबापासून फुटून निघाला. या वादावर पाच जेतेपदं लटकलेली आहेत.' तीन वाक्यं, दोन्ही बाजू, आणि श्रोता पुढे ऐकायला तयार. 'वादग्रस्त' हा शब्द वापरू नका. तो वापरला की नेमका वाद काय ते सांगायची जबाबदारी आपण टाळतो.

जेतेपदांचा नेमका आकडा देणार असाल तर ध्वनिमुद्रणाच्या दिवशी उरुग्वेच्या संघटनेच्या यादीत पाहा आणि 'रेल्वे क्लबची पाच धरून' असं सोबत म्हणा. दर हंगामात तो हलू शकतो.

शेवटी तुमचा उपप्रश्न, वैर समजून घ्यायला आधी कोणता सामना बघावा. जुन्या सामन्यांची दृश्यं तुटक आहेत, म्हणून १९८७ पासून सुरुवात करा. २३ एप्रिलला पेन्यारोलचे तीन खेळाडू बाहेर गेले, आठ जण अकरांविरुद्ध उरले, आणि तरी पेन्यारोल २-१ ने जिंकला. संघ तरुण होता, प्रशिक्षक ओस्कार ताबारेस, पुढे उरुग्वेच्या राष्ट्रीय संघाचे 'मास्तर' झाले तेच. मग ३१ ऑक्टोबरचा लिबेर्तादोरेसचा निर्णायक सामना बघा, कोलंबियाच्या अमेरिका दे कालीविरुद्ध, सांतियागोला. बरोबरी झाली असती तरी चषक गोलफरकावर कालीचा होता. जादा वेळेचे अखेरचे काही क्षण उरले असताना दिएगो आगिरेने डाव्या पायाने गोल केला. हाच आगिरे २०२४ ला प्रशिक्षक म्हणून पेन्यारोलला पुन्हा लीग जिंकून देणारा. समालोचन स्पॅनिशमध्ये आहे, पण त्या गोलापुरता आवाज तुमच्या भागात जसाच्या तसा घ्या, त्यावर मराठी निवेदन नको. मात्र वापरण्याआधी हक्क कुणाकडे आहेत ते तपासा.